अमिनाबींच्या अंजिराच्या काड्या

फारूखनं मडक्यातली काडी उपसायला हात घातला, तेव्हा द्वारकाबाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"हलवू नको. हलवली की गेली."

"पानं फुटलीत की मावशी. अजून काय पाहिजे?"

"अंजीर लई लबाड असतं, बाबा. आधी पान दाखवतं, मूळ मागाहून. आत्ता नेलीस तर वाटंतच वाळंल."

फारूख अंगणात येरझारा घालू लागला. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, तशी त्याची सरकारी कचेरीतली नोकरीही गेली होती. थोरल्या भावाची कराचीहून तीन पत्रं आली होती: लवकर निघा. पण अमिनाबींनी, त्याच्या आईनं, एकच अट घातली होती. नवऱ्यानं लावलेल्या अंजिराचं रोप सोबत न्यायचं, आणि काडीनं मुळं धरल्याशिवाय घर सोडायचं नाही. शेजारच्या द्वारकाबाईंचा जन्म छावणीतल्या बागांत माळीकाम करण्यात गेलेला. त्यांनीच चार डोळ्यांच्या वीतभर काड्या छाटून, वाळूमिश्रित मातीत, सावलीला लावून दिल्या होत्या. महिन्या-दीड महिन्यात मुळं येतील म्हणाल्या होत्या. आता तिसरा महिना लागला होता.

द्वारकाबाईंनाही चैन पडेना. त्यांच्या हातची काडी कधी इतकी अडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मागच्या दारानं आत आल्या.

अमिनाबी मडक्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. काडी मातीबाहेर होती. तिच्या बुडाशी पांढरी, दोऱ्यासारखी मुळं लोंबत होती आणि अमिनाबी ती नखानं एकेक खुडत होत्या.

चाहूल लागताच त्यांनी वर पाहिलं. बोटं तशीच थांबली.

द्वारकाबाई जवळ जाऊन बसल्या. खुडलेली मुळं त्यांनी बोटानं मातीखाली ढकलली.

"अशानं काडी मरंल, अमिनाबी," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या छाटून देते."

तेवढ्यात फारूख बाहेरून आला.

"मावशी, खरं सांगा. अजून किती दिवस?"

"ह्या काय जगत नाय. नव्यानं लावाव्या लागतील. पुन्हा दोन महिने धर."

फारूखनं आईकडे पाहिलं. अमिनाबी हातांची माती चोळत राहिल्या. आता हा ओरडणार, असं द्वारकाबाईंना वाटलं. पण तो उंबऱ्यावर बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला.

"गिरणीच्या कचेरीत उर्दू-मराठी दोन्ही लिहिणारा माणूस पाहिजे म्हणतात, अम्मी. उद्या विचारून येतो." मग खाली बघतच म्हणाला, "तोवरच."

"हां," अमिनाबी म्हणाल्या. "तोवरच."