दोन पायडलांची गाडी

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावातून वाशीमकडे जाताना रस्त्याला लागून अमरदीपचे गॅरेज आहे. तिथल्या पत्र्याच्या भिंतीशी एका फाटक्या टायरवर मला टेकवून ठेवले आहे. मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा स्टिअरिंग पाहता, हॉर्न ऐकता. माझ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण मी गाडीच्या पोटाखाली असतो. इंजिनची ताकद चाकांना लागेल तेव्हा, लागेल तेवढी देणे हे माझे काम.

त्यातही मी ऑटोमॅटिक. माझ्या गाडीला क्लच नाही. खाली दोनच पायडले, एक ब्रेकचे आणि एक वेग देण्याचे. दोन्ही उजव्या पायाने चालवायची. शिरपूरजवळच्या बंजारा तांड्यावरच्या भाऊसिंगने ही गाडी जुनीच विकत घेतली, ती याच कारणासाठी. सोयाबीन काढताना मळणी यंत्रात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. नकली पायाने क्लच दाबता येत नाही. मग त्याने नागपूरपर्यंत शोध घेऊन मागे उघडा हौदा असलेली, चारही चाकांनी ओढणारी ही गाडी मिळवली. त्याची रोपवाटिका होती. लिंबू, सीताफळ, संत्र्याची कलमे तो शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेऊन देत असे.

आमच्याकडची पांदण, म्हणजे शेतांकडे जाणारी मातीची वाट, पावसाळ्यात कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. काळ्या मातीने चाक धरले की ती सोडत नाही. तिथे आम्ही सावकाश, न थांबता जात असू. लोक बांधावर उभे राहून कौतुक करत. पण एकदा बॅटरी उतरली आणि चार जण धक्का मारायला धावले, तेव्हा मी मुळीच दाद दिली नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. "एवढं धूड, अन् धक्क्यानं बी चालू होत नाही," असे म्हणत लोक हात झाडत निघून गेले. मला वाईट वाटले, पण माझी घडणच तशी आहे.

मी माणसे पाहिलेली नव्हती. मला फक्त त्यांचे पाय ठाऊक होते; बाकीचे जे सांगतो ते पुढे गॅरेजमधल्या बोलण्यातून कळलेले. भाऊसिंगचा पाय जड, पण एका लयीत पडणारा. मग एका हिवाळ्यात एक नवा पाय आला, हलका आणि घाबरलेला. गाडी हिसके देऊ लागली. तो पाय त्याची बायको गोमतीबाई हिचा होता.

"चुलीत लाकूड सारतं ना, तसा पाय सार," भाऊसिंग शेजारून सांगे. "हळूहळू. एकदम भडका नको."

"चूल मले हिंगोलीच्या रस्त्यावर नेत नाही," ती म्हणे.

पण ती शिकली. आधी रोपवाटिकेतल्या वाटेवर, मग पांदणीवर. संक्रांतीनंतर तिने वाशीमला जाऊन शिकाऊ लायसनही काढले. ते सहा महिन्यांचे असते. त्याच्या आत परीक्षा देऊन पक्के करावे लागते. ही गोष्ट त्या दोघांनी तांड्यात कुणाला सांगितली नव्हती. पक्के लायसन हातात आल्यावर सांगायची होती.

चैत्रात एका सकाळी भाऊसिंगच्या छातीत दुखू लागले. तो स्वतःच गाडी चालवत वाशीमच्या दवाखान्यात गेला, गोमतीबाई शेजारी होती. त्या दिवशी त्याचा पाय नेहमीपेक्षा हलका पडत होता. दवाखान्याच्या आवारात त्याने गाडी भिंतीला धरून नीट उभी केली, मला 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर ठेवले, हातब्रेक ओढला. मग तो आत गेला, आणि दुपारी तिथेच वारला.

गोमतीबाई त्याच्यासोबत रुग्णवाहिकेतून घरी गेली. मागे गाडी उरली. भाऊसिंगचा धाकटा भाऊ दौलतसिंग दोघा-तिघांना घेऊन आला. त्याने आत बसून डावा पाय इकडे तिकडे फिरवला.

"हिले क्लचच नाही," तो म्हणाला. "जाऊ द्या. टोचन करू. दादाची गाडी परक्या दारात नाही ठेवायची."

टोचन म्हणजे एका गाडीला दुसरी बांधून ओढत नेणे. त्यांनी एका पिकअपला जाड दोर बांधला आणि मला न्यूट्रलवर टाकून, इंजिन बंद ठेवून, शिरपूरपर्यंत ओढले. मित्रांनो, माझ्यात एक लहान पंप आहे. इंजिन फिरते तेव्हाच तो लाल तेल अंगभर फिरवतो. इंजिन बंद आणि चाके मात्र फिरत राहिली, की आतली चक्रे कोरडी घासतात. दौलतसिंग फार हळू नेत होता. वळणावर पिकअपच्या खिडकीतून हात काढून खुणा करत होता. त्याने गाडीला ओरखडाही येऊ दिला नाही. आत मी जळत होतो.

तेरावे झाल्यावर गोमतीबाईने गाडी सुरू केली. इंजिन गरजले, मी घसरत राहिलो. चाक जागचे हलले नाही.

अमरदीपने गाडी या वेळी मोठ्या ट्रकवर चढवून आणवली. त्याने माझे तेल एका थाळीत काढले. ते लाल राहिले नव्हते, काळे झाले होते आणि जळका वास येत होता. भाऊसिंगची मुलगी निता अकोल्याला शाळेत शिकवते. ती आईबरोबर आली होती. तिने तेलात बोट बुडवून बोटावरचा चमकता चुरा पाहिला.

"ओढून आनली होती का गाडी?" अमरदीपने विचारले.

"मंग काय डोक्यावर आनतो?" दौलतसिंग म्हणाला. "मीच आनली. न्यूट्रल करून, एकदम हळू."

"हळू आनली तरी तेच होते, काका. इंजिन बंद तं तेल बंद."

दौलतसिंगचा चेहरा उतरला. "मले काय मालूम," एवढेच तो म्हणाला.

"तुमी गाडी घरी आनली, भाऊजी," गोमतीबाई म्हणाली. "आनखी काय करायचं होतं?"

अमरदीपने सांगितले की ऑटोमॅटिक त्याने कधी उतरवलेला नाही. क्लचवाला साधा गिअरबॉक्स बसवला तर काम लवकर होईल, आणि गाडी कोणीही चालवील.

"तेच टाक," दौलतसिंग म्हणाला. "आता दादा नाही. ऑटोमॅटिक कोनासाठी पाह्यजे?"

"माह्यासाठी," गोमतीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने पिशवीतून शिकाऊ लायसन काढून मुलीच्या हातात दिले. ते आषाढातच संपणार होते. निता ते वाचत राहिली. आईला अकोल्याला न्यायचे तिने जवळजवळ ठरवले होते. रोपवाटिका बंद करायची, असे काकांशी बोलूनही झाले होते. आईला कुणी विचारले नव्हते.

"याडी, तू हे आम्हाला सांगितलं नाहीस," ती आईला म्हणाली.

"परीक्षा झाल्यावर सांगनार होतो आमी."

"मी शिकवतो ना क्लचची गाडी," दौलतसिंग म्हणाला.

"तुमी ट्रॅक्टर बी शिव्या देऊन चालवता, भाऊजी. एक मानूस चार महिने एक शब्द जोरानं न बोलता शिकवून गेला. मले तेवढंच येते. अन् कलमं पिशवीत वाट पाहत नाहीत, मुळं बाहेर येऊन राह्यली."

निताने लायसन घडी न घालता परत दिले. "ऑटोमॅटिकच शोधा, दादा," तिने अमरदीपला सांगितले.

नागपूरच्या भंगार बाजारात अपघातातल्या एका गाडीचा, माझ्याच नमुन्याचा गिअरबॉक्स मिळाला. तो येईपर्यंत अमरदीपने मला उतरवायला घेतले. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने माझे चित्र काढले आणि जो बोल्ट ज्या जागेचा, तो त्या जागी खोवून ठेवला. दोन दिवसांनी जॅकवरून मी खाली आलो आणि माणसे कशी असतात ते मला पहिल्यांदा दिसले. गोमतीबाई ठेंगणी होती. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्या पायाची बाई मला उंच वाटली होती.

नवा गिअरबॉक्स चढवताना तो इंजिनपासून बोटभर अंतरावर अडला. बोल्ट कसून ओढला असता तर बसल्यासारखा दिसला असता, आणि आतला पंप फुटला असता. अमरदीपने पाना खाली ठेवला. चहा प्यायला. मग सगळे पुन्हा उतरवून पुढचा, इंजिनची ताकद आत घेणारा गोल डबा हाताने फिरवत फिरवत आत घेतला. तो तीन टप्प्यांत बसतो. तिसरा टप्पा बसल्याचा आवाज मी भिंतीजवळून ऐकला. माझे काळे तेल नव्याच्या अंगात जाऊ नये म्हणून त्याने तेल थंड करणाऱ्या नळ्याही धुऊन काढल्या. मला त्याचा राग आला नाही. काम असेच करायचे असते.

आवारात त्याने स्वतः गाडी पुढे-मागे करून पाहिली. गाडी चालली.

"हायवे आहे, वहिनी," दौलतसिंग म्हणाला. "घरापर्यंत मीच नेतो." तो बसला, गाडी हलली, आणि सवयीने त्याचा डावा पाय क्लच शोधत रुंद ब्रेकवर जोरात पडला. मागच्या सीटवर बसलेली निता पुढच्या सीटवर आदळली. दौलतसिंगने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

गोमतीबाई खिडकीशी आली. "डावा पाय घरी ठेवून यायचा असते, भाऊजी. तुमचे दादा सांगत. ते म्हनत, मी तं कायमचाच ठेवला."

दौलतसिंग हसला, मग हसता हसता थांबला. तो उतरला आणि पलीकडून जाऊन शेजारच्या जागेवर बसला. शिकाऊ माणसाच्या शेजारी लायसनवाला लागतो, आणि त्या दिवशी तांड्यातून आलेला लायसनवाला तो एकटाच होता.

गोमतीबाई बसली. आतला आरसा भाऊसिंगच्या उंचीला लावलेला होता. तिने त्याच्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग खाली वळवला. निता मागच्या खिडकीतून दुसरीकडे पाहत होती. काचेवर शिकाऊ चालकाचा लाल 'एल' चिकटवलेला होता. रस्त्यावरून एसटी गेली. ती जाऊ दिल्यावर गाडी हिसका न देता रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

दहा दिवसांनी ती परत आली, तेव्हा हौदात लिंबाची कलमे होती आणि काचेवर 'एल' नव्हता. शेजारची जागा रिकामी होती. तिने अमरदीपला दोन रोपे दिली आणि पाणी कसे घालायचे ते सांगून निघून गेली. तिला पुढे तीन गावांना जायचे होते.

माझे आता काही होणे नाही. उपयोगाचे दोन-चार भाग कुणी काढून नेईल, बाकीचा वितळवला जाईन. मित्रांनो, यंत्राला त्याचेच तेल घाला आणि वेळेवर बदला, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच सांगतो. एखादी गाडी बंद उभी दिसली, तर दोर आणायला धावण्याआधी ती कशी चालते हे विचारा. आणि तिथे कुणी बाई गप्प उभी असेल, तर आधी तिला विचारा.