टूथपेस्ट कोणी लावली?

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या ऑफिसात पाणी झालं, चहा झाला, तरी प्रेमाचं चित्त काही ठिकाणावर येईना. पर्सची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. शेजारी दहा वर्षांची अक्षता आणि पलीकडे सासूबाई, राधाबाई. अक्षताच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण होता. डॉक्टर श्रुतिकांनी तो हात वाचवला होता, मग त्यांनी बोलावल्यावर नाही कसं म्हणणार?

काम तसं सोपं होतं. भाजलेला माणूस हॉस्पिटलात पोचेपर्यंत घरचे त्याच्यावर काय काय प्रयोग करतात आणि त्यानं जखम किती चिघळते, यावर डॉक्टरांना तीन वर्षं संशोधन करायचं होतं. ट्रस्टने पैसे दिले तरच. प्रेमाने आपली हकिगत सांगायची आणि घरी जायचं, बस्स. पण त्या हकिगतीत एक खोटं होतं, आणि तेच तिला सकाळपासून कुरतडत होतं.

सहा वर्षांपूर्वी कांजूरमार्गच्या घरात ओट्यावरचं उकळतं पाणी अक्षताच्या हातावर सांडलं. नळ हाताशी होता. तो सोडून प्रेमा बाथरूममध्ये धावली, टूथपेस्ट आणली आणि अख्खी ट्यूब पोरीच्या हातावर पिळली. हॉस्पिटलात ती धुऊन काढताना पोर जी किंचाळली, ते प्रेमाला आजही ऐकू येतं.

"हे कुणी लावलं?" नर्स ओरडली. तेवढ्यात राधाबाई पुढे झाल्या. "मी लावलंय."

प्रेमा गप्प राहिली. आधी भीतीने, मग सोयीने. तिचा नवरा राजेश स्वतःच्या आईशी वर्षभर बोलला नाही. नातेवाइकांनी म्हातारीला नाही नाही ते ऐकवलं, आणि शिकलेली म्हणून सुनेचं कौतुक केलं. प्रेमाने तेही ऐकून घेतलं.

"डॉक्टर, स्पष्टच बोलतो," ट्रस्टचे प्रमुख देवदत्त कर्णिक म्हणाले. डॉक्टरांनी या घराची हकिगत थोडक्यात सांगितली होती, पण कर्णिकांनी फाइल उघडलीसुद्धा नव्हती. "हे सगळे जुन्या बायकांचे उद्योग. शिकलेले लोक आता असलं काही करत नाहीत. यात संशोधन कसलं? चार पोस्टर छापू, दवाखान्यांत लावू, विषय संपला." मग ते राधाबाईंकडे वळून हसले. "काय आजी, तुम्हीच ना त्या?"

"होय," राधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी फाइल परत घ्यायला हात पुढे केला.

प्रेमा ताडकन उठली. "नाही! मी लावली. मी बी.कॉम. आहे, बँकेत नोकरी करते. आईंनी आळ स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला."

आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "पोस्टर लावा हो, पण नळ समोर असताना माझा हात ट्यूबकडे का गेला? मलाच कळलेलं नाही अजून. ते शोधू द्या ना यांना."

कर्णिकांनी चष्मा पुसला. मग फाइल पुढे ओढून उघडली. "तीन वर्षं का लागतात, डॉक्टर?" त्यांनी विचारलं, आणि श्रुतिका घाईघाईने सांगू लागल्या.

बाहेर जिन्यात राधाबाईंनी सुनेचा दंड धरून मालवणीत जाब विचारला. "कित्याक बोललंस गो? म्हयनोभर तुझ्याच हातान तिचा ड्रेसिंग व्हवचा होता. सगळे तुका बोलले असते आनि एवढासा चेडू तुकाच भियाला असता तर? माझ्यार सगळ्यांनी राग धरल्यानी तर काय बिघाडला?"

इतकी वर्षं प्रेमाला वाटत होतं, सासूबाईंनी आपली अब्रू झाकली. त्यांनी तर पोरीसाठी तिची आई राखली होती. ती पायरीवर बसून ढसाढसा रडली.

"म्हणजे बाबाने आजीवर उगाच राग धरला?" अक्षताने विचारलं.

प्रेमाने डोळे पुसले, फोन काढला.

"आता नको गो, तो कामार आसतलो."

"आत्ताच, आई." फोन उचलला गेला. "राजेश, कुठेतरी बस आधी," ती म्हणाली. "आईंची माफी मागायची आहे. आधी मला, मग तुला."