काळ्या गाजराची मच्छरदाणी

मी कापडाचा एक बिघडलेला तागा बोलतोय. हो, बिघडलेलाच. लपवायचं काय त्यात?

१९८६ साली भिवंडीतल्या एका लूमवर माझा जन्म झाला. विणकर पंढरीनाथच्या हातून धागे विरळ भरले गेले आणि मी झिरझिरीत निघालो. शेजारचा कारागीर खो-खो हसला, "पंढरीभाई, ये कपडा है या जाली?" माझी भावंडं टेम्पोत बसून रंगवायला गेली. लाल, मोरपंखी होणार होती ती! मी कोराच राहिलो. फार हेवा वाटला मला त्यांचा.

पंढरीनाथने मला खारबावला घरी नेलं. त्याच्या बायकोने, द्रौपदीने, मला सुकत घातलेल्या मासळीवर पसरलं. माश्यांना अडवायचं, हे माझं काम. वास अंगात मुरला. पण माझी कुरकुर ऐकतंय कोण?

द्रौपदीच्या परसात भातानंतर गाजरं असत, गाभ्यापर्यंत काळीजांभळी. बी तिच्या सासूने दिलेलं. गावात सगळे केशरी गाजर लावू लागले होते. काळं उरलं होतं ते एवढ्याच वाफ्यात.

एक दिवस बियाण्यांच्या बँकेतले केसरीनाथ आले. वाफ्यातली फुलं पाहून म्हणाले, "वहिनी, हे बी आम्ही थंडाव्यात वर्षानुवर्षं जपू. पण शेजारच्या रामनाथच्या केशरी गाजराचा पराग माश्यांच्या अंगाला लागून यात मिसळला, तर पुढची गाजरं काळी राहणार नाहीत."

द्रौपदीचा चेहरा उतरला. "म्हंजे सासूबायचं गाजर माज्या हातून जानार?"

तिची नजर माझ्यावर पडली. चार बांबू रोवून तिने मला फुलांवर ताणलं. रामनाथ कुंपणावरून ओरडला, "गाजराला मच्छरदानी! आता उशी पन दे गो वयनी!"

मी छाती फुगवून पहारा केला. एक माशी आत जाऊ दिली नाही. आठवड्याने केसरीनाथ आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आत माश्या हव्यात! नाहीतर पराग या फुलावरून त्या फुलावर नेणार कोण? आळ्या पडलेली मासळीची डोकी आत ठेवा. आतच जन्मलेल्या माश्यांच्या अंगाला बाहेरचा पराग नसेल."

"जल्मभर माश्या हाकलल्या," द्रौपदी हसता हसता खालीच बसली, "आता त्यांचा पावनचार करू?"

केला! माझ्या पोटात माश्यांनी धुमाकूळ घातला, आणि मला गुदगुल्या. बी धरलं. निम्मं बँकेत गेलं, निम्मं तिच्या डब्यात.

पुढे काही वर्षं गाजरं लावणं राहूनच गेलं. १९९४च्या पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं. पेरलं तर एकही बी उगवेना. द्रौपदी वाफ्याशी बसून रडली. मग पंढरीनाथने केसरीनाथांना पत्र लिहिलं आणि टपालाने एक पाकीट आलं. तिचंच बी!

तीन महिने तिला धीर नव्हता. शेवटी तिने पहिलं गाजर उपटलं, धुतलं, विळीवर चिरलं. आरपार काळं!

"अवो, हाय! तसंच हाय!" ती ओरडली. रामनाथलाही कुंपणावरून एक फोड मिळाली.

आता मी जुना झालोय, ठिगळं लागलीत. तरी दर चैत्रात फुलांवर चढतो. तुमच्याकडेही असं एखादं जुनं बी असेल, तर एक मूठ बँकेला द्या आणि एक मूठ पेरा. बिघडलेलं कापडही फेकू नका.

आणि हो, ते पहिलं गाजर चिरलं त्या दिवशी द्रौपदीने जांभळे हात मलाच पुसले. तो रंग अजून गेलेला नाही. रंगवायला गेलेल्या भावंडांना कुणीतरी सांगा.