गोदाआयची गाणारी कळशी

दिवा गावात नळाला थेंब नव्हता, आणि परशुराम महाराजांची कळशी गात होती! अर्धं गाव लोटलेलं. कुणी म्हणे कळशी तीन फूट उडते, कुणी म्हणे तिला डोळे फुटलेत. उडाली-बिडाली नाही हो. पण गायली मात्र खरी.

पुढ्यातच शेवंती बसलेली. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण. तिच्या आधी तिची आय गोदा गायची. गोदाला जाऊन चार वर्षं झालेली. आणि आता कळशीतून तोच घोगरा आवाज, नवरा हितेश, नवरी दर्शना अशी नावं घेत!

"आय गं माझी!" शेवंतीने तोंडाला पदर लावला.

"नातवाचं नाव घेते बघ, माते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ब्रह्मांडाचं नेटवर्क आहे हे, इथे रेंज जात नाही. ती सांगते, खाडीकाठचं शेत हितेशच्या नावावर कर. जीव अडकलाय तिचा त्यात."

हितेश शेवंतीचा एकुलता एक. कागद घेऊन तो तयारच होता. तो शेत बिल्डरला विकायला निघालेला, म्हणून ती वर्षभर त्याच्याशी भांडत होती. आता तिने मुकाट पेन धरलं.

मागे तिची भाडेकरू, शाळेतली मृणालबाई. हिला एक खोड. रिक्षात वाजो की हळदीत, गाणं आवडलं की फोन वर धरायचा. ॲप गाणं ओळखून नाव सांगतं. इथेही धरला. संशय कसला, गाणं आवडलं इतकंच.

"सापडलं, मावशी!" ती खुशीत ओरडली. "धवला, गायिका गोदाबाई. गाणं टाकणारा... हितेश?"

"म्हणजे काय गं बाय?"

"अहो, आधी कुणी रेकॉर्डिंग टाकलेलं असेल तरच ॲपला ओळखता येतं. आजी आत्ता वरून गात असत्या, तर त्याला काय कळणार होतं?"

"अपवित्र यंत्र!" महाराज किंचाळले. "कळशीला हात लावाल तर आंधळे व्हाल!"

शेवंतीचं पेन थांबलं. धवल्यात नावं असतात ती मांडवात बसलेल्या जोडप्याची. दर लग्नाला ती स्वतः बदलून गायची. हा तर आयने हितेशच्याच लग्नात गायलेला! तिला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. पण तिला ऐकायचं होतं ना, म्हणून नाही कळलं.

तिने नारळ उचलून कळशीत हात खुपसला. तांदळातून लिंबाएवढा बिनवायरचा स्पीकर निघाला. हितेशने घाईघाईत खिशातला फोन दाबला, आणि आय ओळीच्या मध्येच गप्प झाली.

"आई, आपल्या भल्यासाठीच..."

"तुझ्याकडं आयचा आवाज होता?" शेवंती हळू बोलली. "चार वर्षं मी तिची एक ओळ ऐकायला तडफडते रे. तू जगाला ऐकवलीस. मला ऐकवलीस ती सही घ्यायला?"

महाराज चपला शोधायला लागलेले.

शेवंतीने कागद फाडला आणि लोकांकडे वळली. "आपलं माणूस गेलं की कान वेडे होतात, हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. रडू आलं तर रडा. पण आवाज कुठून येतो ते बघा. आणि हात लावू नका असं कुणी म्हटलं, तर पहिला हात तिथंच घाला."