हके, म्हणजे वर

आमच्या बेटावरच्या भाषेत हके म्हणजे वर. पाण्यातून वर, होडीतून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून कोनफळाच्या शेताकडे. आजाऱ्याला आणखी बरं वाटू लागलं, तर ‘बरं’नंतरही हाच शब्द जोडायचा.

*

वडिलांनी आम्हा भावांना शिकवलं ते असं. छातीत एकच श्वास. तळ गाठायचा, शिंपला उचलायचा, आणि हके. मध्ये थांबायचं नाही. थांबला तो संपला.

*

त्या वर्षी उथळ पाण्यातल्या समुद्रकाकड्या, व्यापारी विकत घ्यायचा ते तळाचे मऊ जीव, संपल्या. व्यापाऱ्याच्या माणसाने हवेच्या टाक्या आणून दिल्या. शिकवलं काहीच नाही. थोरला सेमिसी खोल उतरला, मी होडीत त्याच्या कमरेला बांधलेली दोरी धरून.

बऱ्याच वेळाने दोरीला दोन झटके. म्हणजे वर घे.

मी ओढलं. वडिलांनी शिकवलं तसं, न थांबता, जीव खाऊन.

सेमिसी हसतच वर आला. मी काय टूना मासा आहे का रे, म्हणाला. मग म्हणाला, पायाला मुंग्या येतायत.

होडी वाळूला लागली. हके, मी म्हणालो. तो आपल्या पायांकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

*

शेजारच्या बेटावरचा म्हातारा काफोआ टाकी लावून बुड्या मारणारा. त्याने मला आधी शिव्या घातल्या. टाकीची हवा घेतलेल्या माणसाला थांबत थांबत वर आणायचं असतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन पाय जातात. आता त्याला पुन्हा तेवढंच खाली सोड, म्हणाला, आणि हळूहळू वर घे. थोडं ओढायचं, थांबायचं, चर्चमधलं एक अख्खं स्तोत्र म्हणायचं, मग पुन्हा थोडं.

टाकी एकच उरली होती, अर्धी. डॉक्टरची बोट दोन दिवसांनी येणार होती.

“या वेळी घाई करू नकोस, फोलाऊ,” सेमिसी म्हणाला. “मी कुठे पळून चाललोय?”

पहिल्या थांब्यावर मी सगळी कडवी म्हटली. दुसऱ्या थांब्यावरही. तिसऱ्या थांब्यावर, दुसऱ्या कडव्यात, दोन झटके.

मी म्हणत राहिलो.

पुन्हा दोन. हवा संपली होती. ठेवला तर भाऊ जाणार, ओढला तर त्याचे पाय.

ओढला.

*

नर्स दर आठवड्याला येते. आधीपेक्षा बरं आहे ना, विचारते, हके लावून.

“कुणापेक्षा?” सेमिसी विचारतो.

*

सकाळी त्याला चटईवरून खुर्चीत बसवतो. उचलण्याआधी हके म्हणतो. सवय.

रविवारी चर्चमध्ये तेच स्तोत्र निघालं. सगळे उभे राहिले. उभं राहण्याला आमच्यात वेगळा शब्द आहे. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

“ऊठ,” तो समोर बघत म्हणाला. “लोक बघतायत.”

मी उठलो. पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या पुढे मला म्हणता येत नाही.