मध्ये न बोलणारा नंबर

पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, कसा मोडला आणि प्लास्टर कधी काढणार. सविताताईंनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी फोनवर सरळ रडायला सुरुवात केली.

सविताताई खर्ड्याला दूध संघात टेलिफोन ऑपरेटर आहेत. तिथलं जुनाट एक्स्चेंज, म्हणजे बाहेरून आलेला फोन टेबलाटेबलावर वाटणारी भिंतीवरची पेटी, मी सांभाळतो. ती पेटी मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाली आणि तिची सगळी सेटिंग पुसली गेली. अशा वेळी ती प्रत्येक फोन पहिल्या एक्स्टेन्शनला देते, आणि आपल्याकडे पहिलं एक्स्टेन्शन कुणाचं असतं ते सांगायला नको. अध्यक्ष आबासाहेबांच्या टेबलावर आता संघाचा एकूण एक फोन वाजत होता. पशुखाद्याची चौकशी तिथे, टँकर पंक्चर झाल्याचा निरोप तिथे, कॅन्टीनला सांगायचा चहासुद्धा तिथेच.

आबासाहेबांनी खापर सविताताईंवर फोडलं. सोमवारपर्यंत फोन सुधारले नाहीत तर त्यांची बदली, तीही संघाच्या कोपरगावच्या केंद्रात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. त्यांना घेऊन जाता येत नाही आणि ठेवूनही जाता येत नाही.

मी म्हटलं, रडू नका, मोडेम आहे. पेटीला एक स्वतंत्र लाइन आणि त्या लाइनवर मोडेम जोडलेला आहे. फोन केला की तो उचलतो आणि किंचाळतो. सावेडीतल्या माझ्या घरचा मोडेम त्याला उलट किंचाळतो. दोघांचं जमलं की मी खाटेवर बसल्या बसल्या खर्ड्याची पेटी दुरुस्त करू शकतो.

नंबर लावला, एंगेज. चहा पिऊन लावला, एंगेज. जेवून लावला तरी तेच. ज्या नंबरवर फोन करायचं माझ्याशिवाय जगात कुणाला कारण नाही, तो दिवसभर एंगेज. मी ताईंना जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"दादा, त्यो नंबर कॅलेंडरवर छापलाय न्हवं," त्या म्हणाल्या.

दूध घालणाऱ्यांना संघ दरवर्षी कॅलेंडर वाटतो. यंदा संचालक मंडळाने त्यावर तक्रारीसाठी नंबर द्यायचं ठरवलं, आणि ऑफिसातला कायम मोकळा असणारा नंबर शोधून तोच छापला. म्हणजे इतके महिने गावोगावची माणसं मोडेमला गाऱ्हाणी सांगत होती, मोडेम पहिल्या रिंगला उचलून किंचाळत होता, आणि कुणी एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. मला हसू वगैरे आलं नाही. डोकं फिरलं.

ताईंना म्हटलं, ती लाइन तासभर माझ्या मोबाईलवर वळवा, एकेकाला झापून कटवतो. लगेच पहिला फोन आला. मी हॅलो म्हणताच पलीकडची म्हातारी बिचकली.

"तू कोन?" तिने संशयाने विचारलं. "रोजचा कुटं गेला?"

मी नाव सांगितलं, गोरक्ष. तिनेही सांगितलं, भागिरथीबाई. मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं की रोजचा म्हणजे माणूस नाही, यंत्र आहे.

"ठावं हाय की. मानूस असता तर मधीच बोलला असता."

मी विनवलं, त्याची लाइन आज जरा मोकळी सोडा. भागिरथीबाई मात्र व्यवहाराला पक्क्या. म्हणाल्या, संध्याकाळच्या धारा होईपर्यंत कुणी त्या नंबरला हात लावणार नाही, सगळ्यांना निरोप धाडते. पण आज पाळी त्यांची होती आणि म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागल्याचं सांगून झाल्याशिवाय त्या फोन ठेवणार नव्हत्या, आणि सांगणार ते रोजच्यालाच. ताईंची बदली डोळ्यांपुढे आणून मी प्लास्टरचा पाय उशीवर सरकवला आणि शिकल्यासवरल्या माणसाने करू नये ते केलं. कीईईई, खर्रर्र, टिंऊ टिंऊ. भागिरथीबाईंनी समाधानाने फॅट काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि फोन ठेवला.

लगेच दुसरा आला. आता हॅलोची चूक मी केली नाही, थेट किंचाळलो.

"आबासाहेब बोलतोय," पलीकडून आवाज आला. "मशीन हाय म्हनून सांगतो."

मी खर्रर्र चालू ठेवलं. आबासाहेब सांगत गेले. पूर्वी लोक त्यांना फोन करायचे, म्हशीचं, पोराच्या नोकरीचं, भावकीतल्या भांडणाचं. कॅलेंडर वाटल्यापासून टेबलावरचा फोन मुका झाला होता. मग एकदा मोबाईल चार्जिंगला लावायला त्यांनीच पेटीचा प्लग उपसला, परत खोचला, आणि अख्ख्या संघाचे फोन त्यांच्याकडे वाजू लागले.

"लई बरं वाटलं," ते म्हणाले. "पन मंडळाफुडं तसं कसं सांगावं? सविताचं नाव घिऊन बसलो. तिची काय बी चूक न्हाई."

मला इतका राग आला की किंचाळता किंचाळता शब्दच बाहेर पडले.

"बदली रद्द करा," मी म्हणालो, आणि घाबरून लगेच पुढे खर्रर्र जोडलं.

पलीकडे खुर्ची करकरली.

"बरं," आबासाहेब म्हणाले. मग हळूच विचारलं, "आन् फोन नीट करनार का?"

"टिंऊ," मी म्हणालो.

"समदेच?"

याला काय किंचाळावं ते मला कळेना. राग कुठे गेला तेही कळेना. मी फोन ठेवला.

भागिरथीबाईंनी शब्द पाळला. ताईंनी लाइन पुन्हा मोडेमकडे वळवली, ती मोकळी मिळाली, दोन्ही मोडेम एकमेकांवर मनसोक्त किंचाळले आणि मी एकेक टेबल जागच्या जागी लावलं. सोमवारी ताईंचा फोन आला. बदली रद्द झाली होती, पण का ते आबासाहेब कुणाला सांगत नव्हते. एकच राहिलंय, त्या म्हणाल्या, कॅन्टीनचा नंबर फिरवला की तो अजून साहेबांच्याच टेबलावर वाजतो.

मी म्हटलं, तेवढं काही दुरुस्त होणार नाही. साहेब चिडतात का?

"न्हाई ओ," ताई म्हणाल्या. "साखर कमी का जास्त ते इचारत्यात. मग घरचं समदं इचारत्यात."