फोटो झाल्यावर

मी घसरगाडी बोलतेय. लाकडाची, खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे वळलेली दोन शिंगं, शिंगांना दोर. तुम्ही मला कुठे पाहिलं असेलच तर फोटोत पाहिलं असेल. वर राजघराण्यातली मुलं, मागे बर्फाचा डोंगर, खाली शहाण्यासारखी बसलेली मी. त्यावरून माझ्याबद्दल काही मत झालं असेल तर ते आधी पुसून टाका. मी शहाणी नाही. मला बसवून ठेवलं होतं.

मला कास्परने घडवलं. ओबरमोस गावात वरच्या अंगाला त्याचं छोटं हॉटेल होतं आणि खालच्या उताराच्या पायथ्याशी गाईंचा गोठा. माझं लाकूड त्याने वाफेवर धरून वाकवलं, पट्ट्या लोहाराकडून ठोकून आणल्या आणि मला लेकीच्या हाती दिलं. लेक म्हणजे बुर्गल. घर वर, शाळा खाली दरीत. सकाळी ती माझ्यावर पोटावर पालथी पडायची आणि आम्ही दोघी सुटायचो. चर्चच्या वळणावर दोनदा कुंपणात घुसलो. दूधवाला आम्हाला पाहिलं की आधी कॅन बाजूला घ्यायचा आणि मग शिव्या द्यायचा. परत येताना ती मला ओढत चढायची आणि धापा टाकत म्हणायची, "जाताना तुझा रुबाब, येताना माझी हाडं." तिचं म्हणणं बरोबर होतं, पण दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा तय्यार.

आमच्याकडे दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या बेटांवरचं राजघराणं स्की करायला येतं. त्यांच्या बेटांवर समुद्र आणि वारा, डोंगर नावाला नाही. गावात सगळ्यांना ठाऊक असलेला एक रिवाज आहे. पहिल्या सकाळी घराण्याने हॉटेलखालच्या उतारावर फोटोवाल्यांसमोर उभं राहायचं, हसायचं. मग फोटोवाल्यांनी गाशा गुंडाळायचा आणि उरलेली सुट्टी कुणी त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.

त्या वर्षी राणीसाहेबांचा आस्मुंड तीन वर्षांचा होता. पोरगं काही केल्या उभं राहीना. बर्फात बसकण मारून त्याने असं भोकाड पसरलं की फोटोवालेही गोरेमोरे झाले. कास्पर धावत गेला, मला घेऊन आला आणि त्याला माझ्यावर बसवलं. रडं थांबलं. त्याने माझी दोन्ही शिंगं पकडली आणि खालच्या उताराकडे असा बघायला लागला, की मला वाटलं, चला, आपल्या जातीचा आहे.

फोटो झकास आला. तिकडे बेटांवर लोकांना तो इतका आवडला की पुढल्या वर्षी पुन्हा तसाच हवा झाला. तीच गाडी, तोच डोंगर, मुलगा केवढा वाढला ते बघायला. झालं, माझं नशीब तिथे फुटलं.

"हिला जपा," राणीसाहेब कास्परला म्हणाल्या. "मोडली तर पुढच्या वर्षी काय दाखवणार?"

कास्परला आकाश ठेंगणं झालं. त्याने मला घोंगडीत गुंडाळून कोठारात ठेवलं. बुर्गल दप्तर पाठीला लावून दारात उभी होती.

"बाबा, गाडी माझी आहे ना?"

"तुझीच गं. पण आता ती राणीसाहेबांच्या फोटोतली आहे."

बुर्गल पायी शाळेत गेली. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही आणि घालवायचा माझा विचारही नाही.

दरबाराचा एक माणूस होता, लुंडे. फोटोच्या वेळी मी जराही हलू नये म्हणून त्याने एक लाकडी पाचर करून घेतली. दर वर्षी ती माझ्या पट्टीखाली ठोकायची. फोटोत दिसू नये म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवलेली. बर्फावर जन्मलेल्या गाडीला बर्फाच्याच रंगाची पाचर! वर दोर धरायला राजघराण्यातलं कुणीतरी मोठं माणूस. तोंड उताराकडे, पाय बांधलेले.

आस्मुंड दर वर्षी विचारायचा, "आई, खाली जाऊ?"

"फोटो झाल्यावर."

फोटो झाला की लुंडे मला काखोटीला मारून कोठारात नेऊन टाकायचा आणि मुलाला स्की शिकवणारे घेऊन जायचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. एका वर्षी त्याने विचारलंच नाही. मोठं होणं म्हणतात ते हेच असेल, मला काय माहीत. मी कोठारात होते.

वर्षं गेली. कास्पर वारला, हॉटेल बुर्गलकडे आलं. आस्मुंडचं लग्न झालं आणि त्याची मुलं माझ्यावर बसू लागली. थोरली इंगेलीन, सात वर्षांची, जिवणी घट्ट मिटलेली. धाकटा स्टूरे, चार वर्षांचा, नाक कायम गळतं. दोर आता आस्मुंड धरायचा. इंगेलीनही विचारायची, आणि तोही आईसारखंच म्हणायचा, फोटो झाल्यावर.

मागच्या हिवाळ्यात मंडळी आली त्या दुपारी लुंडे मला बघायला कोठारात आला. त्याचेही केस आता पिकलेत. सोबत बुर्गल होती आणि तिच्या मागे मागे इंगेलीन.

"यंदा शेवटचं," लुंडे माझ्या शिंगावरून बोट फिरवत म्हणाला. "लाकूड जुनं झालंय. मोडायच्या आत राजवाड्यात नेऊ. काचेची पेटी, खाली पितळी पाटी. पुढच्या वर्षी फोटोला नवी करून घेऊ."

"विचारलंत कुणाला?" बुर्गल म्हणाली.

"अहो बाई, मान आहे हा."

"गाडीचा की तुमचा?"

"राणीसाहेब उतरतात म्हणून तुमचं हॉटेल भरतं. एवढं ध्यानात असू द्या."

ते खरंच होतं. राणीसाहेब जिथे उतरतात तिथे उतरायचं म्हणून लोक लांबून येतात.

लुंडे गेल्यावर इंगेलीनने विचारलं, "काचेत ठेवल्यावर ही खाली कशी जाणार?"

"नाही जाणार."

"कधी गेली होती?"

"रोज जायची. मी असायचे वर."

"मग मला का नाही जाऊ देत?"

"ते तुझ्या बाबांना विचार," बुर्गल म्हणाली आणि दाराकडे वळली.

रात्रभर माझ्या मनात एकच होतं. काचेची पेटी. म्हणजे कायमची पाचर. उद्या खाली सुटायला जमलं नाही, तर मीही संपले आणि त्या पोरीचं विचारणंही संपलं, तिच्या बापाचं संपलं तसं.

सकाळी ऊन स्वच्छ होतं. राणीसाहेब काठी टेकत एका बाजूला उभ्या राहिल्या, दुसरीकडे मुलांची आई रेनाते. लुंडेने पाचर ठोकली. मुलं बसली. आस्मुंडने दोर धरला.

"बाबा, आज जायचं?"

"फोटो झाल्यावर."

बोलून गेला आणि तसाच थांबला. हे शब्द कुणाचे आहेत ते त्याला आठवलं असावं. पण फोटोवाल्यांनी हाका मारायला सुरुवात केली आणि त्याने ठरलेलं हसू तोंडावर चढवलं.

"बाळराजे, इकडे! ताई, जरा हसा की!"

स्टूरे हसला. इंगेलीन खाली वाकली. बुटाची नाडी बांधतेय असं सगळ्यांना वाटलं. तिने हात माझ्या पट्टीखाली घातला, पाचर उपटली आणि कोटाच्या खिशात टाकली.

मी वीतभर पुढे सरकले. देवाशपथ सांगते, इतक्या वर्षांनी पट्टीखालून बर्फ सरकल्याचा तो आवाज ऐकून मला रडूच फुटायचं बाकी होतं. दोर ताणला गेला. कॅमेरे थांबले.

"इंगेलीन," रेनाते हळूच म्हणाली, "ती परत ठेव बघू."

"नाही ठेवणार. बाबा दर वर्षी म्हणतात फोटो झाल्यावर. फोटो झाला की गाडी उचलून नेतात. आता तर ती काचेत जाणार आहे. मग कधी जायचं? बाबा, दोर सोडा."

"मला जोरात जायचंय," स्टूरे म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं.

लुंडे पुढे झाला. "युवराज, दोर सोडू नका. सगळे बघताहेत."

आस्मुंडने मुलीकडे पाहिलं, हातातल्या दोराकडे पाहिलं. मी माझ्याकडून जेवढं ओढता येईल तेवढं ओढत होते. शरम कसली त्यात? आयुष्यभर मूग गिळून बसले होते.

"लुंडे," तो म्हणाला, "फोटो झाले?"

"झाले, पण त्याचं काय—"

आस्मुंड राणीसाहेबांकडे वळला. "आई, फोटो झाला."

राणीसाहेबांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला आणि काठीवरचा हात घट्ट झाला.

"सरका रे पुढे," तो मुलांना म्हणाला आणि सहा फूट उंचीचा तो बाप्या माझ्या मागच्या फळीवर बसला. माझी हाडं न् हाडं करकरली. त्याने पाय वर घेतले.

आणि सुटलो! फोटोवाल्यांना अडवायला बांधलेली दोरी तोडली, बुर्गलची धुणं वाळत घालायची काठी पाडली. आस्मुंडची टोपी उडाली. स्टूरे किंचाळत होता. इंगेलीनने माझी शिंगं धरली होती, अगदी तिच्या बापाने पूर्वी धरली होती तशी, आणि तिला वळवता येत नव्हतं आणि मला वळायचं नव्हतं. गोठ्यामागे बर्फाने झाकलेला एक गुबगुबीत ढीग होता. आम्ही त्यात शिरलो. माझी एक पट्टी पुढून कडाडून मोडली.

बुर्गल हातात दाताळं घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती.

"युवराज," ती म्हणाली, "तो उकिरडा आहे."

आस्मुंड शेणात बसून हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून. वर रेनातेही हसत होती आणि फोटोवाले धावत खाली येत होते. शेवटी राणीसाहेब काठी टेकत आल्या आणि नाकाला रुमाल लावून उभ्या राहिल्या.

"गाडी मोडलीस," त्या म्हणाल्या.

"हो आई. मोडली."

"पुन्हा जाऊ या," स्टूरे म्हणाला.

कोणता फोटो सगळीकडे छापून आला ते सांगायला नको. बेटांवरच्या लोकांनी तो घराघरात लावला म्हणे. आणि गंमत बघा, दरबाराला मी आता आणखीच हवी झाले. उन्हाळ्यात लुंडेचा फोन आला. बुर्गल कोठाराच्या पायरीवर बसून बोलत होती, मी बाजूला भिंतीला टेकलेली.

"आता तर ती ऐतिहासिक झाली," लुंडे म्हणत असावा, कारण बुर्गल म्हणाली, "असेल. पण ती माझी आहे. माझ्या बापाने मला दिली. फोटोला दिली होती, राजवाड्याला नाही."

मग लुंडेने राणीसाहेब दुसरीकडे उतरतील अशी धमकी दिली असावी.

"नाही आलात तर नाही आलात," ती शेवटी म्हणाली. "गाई तरी काही विचारणार नाहीत."

फोन ठेवल्यावर मात्र ती तशीच बसून राहिली. हॉटेल म्हणजे तिचं पोट आहे, मला कळत नाही का? जरा वेळाने ती उठली आणि मला लोहाराकडे घेऊन गेली. त्याने मोडक्या पट्टीवर लोखंडी पत्रा ठोकला. आता मी दिसायला कुरूप आहे आणि धावायला पहिल्यापेक्षा जड, म्हणजेच वेगवान.

यंदाचा पहिला बर्फ परवा पडला. पन्नाशीला टेकलेली बुर्गल इकडेतिकडे बघून माझ्यावर पोटावर पालथी पडली. चर्चच्या वळणावर आम्ही तिसऱ्यांदा कुंपणात घुसलो. दूधवाल्याच्या मुलाने बापाच्याच शिव्या दिल्या. ओढत वर येताना ती गुडघा चोळत म्हणाली, "जाताना तुझा रुबाब." पुढचं बोलायला तिच्यात दम नव्हता.

राजघराणं यंदा येणार की नाही, गावात कुणाला माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच. आलात तर मुलांना घेऊन या, मी कोठारात नाही, दारातच उभी आहे. आणि काचेत घालायला न्यायचं असेल तर तेही करून बघा. फक्त मला एका जागी ठेवायचं तर पाचर लागेल, आणि ती इंगेलीनच्या खिशात आहे. तिच्याकडून मागून घ्या, देते का बघा.